वरदचं कनेक्शन

३ मार्च
सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात आज रुजू झालो. बारावी नापास मुलाला सर्व्हर सांभाळायला देतात, हे आईला खरंच वाटेना. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट आमच्या डेटाबेसवर चालतात. सकाळी गर्दी झाली की कनेक्शनं तुटतात आणि दवाखान्यांतून शिव्यांचे फोन येतात. ते थांबवलंस तर तीन महिन्यांनी कायम करतो, असं जयप्रकाश सर म्हणाले. स्नेहल मॅडमनी खिडकीजवळची जागा दिली. आधी तिथे वरद बसायचा. जानेवारीत उरण रोडवर अपघातात गेला. फार हुशार होता, म्हणाल्या.

५ मार्च
दोष सापडला. प्रोग्राम कनेक्शन घेतो, पण काम झाल्यावर सोडत नाही. रिकामी कनेक्शनं जागा अडवतात आणि नव्याला दार बंद. ती लवकर सुटतील अशी सोय केली. सकाळ सुरळीत गेली. सर म्हणाले, छान, पण वरदनं हे चहा संपायच्या आत केलं असतं. त्यावर मॅडम हसून म्हणाल्या, तो चहा संपवायचा तरी कुठे. मला इथे कुणी पार्थ म्हणत नाही. ‘वरदच्या जागेवरचा’ म्हणतात.

९ मार्च
पुन्हा तुटली. मी बघेपर्यंत कुणीतरी दुरुस्त केलं होतं, माझ्याहून नेटकं. नोंदीत नाव वरदचं. मॅडमच्या मते त्याचं लॉगिन चालू राहिलं असेल, आपोआप चालणारी एखादी जुनी स्क्रिप्ट असेल. सर खूश. म्हणाले, बघ, गेला तरी कामाला येतो. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मला कळतं. तरी करतो.

१० मार्च
त्याचं लॉगिन काढून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

११ मार्च
परत आलंय. त्याचं कनेक्शन तोडलं की लगेच जुळतं. त्याला जागा व्हावी म्हणून दुसरं एक तुटतं — दर वेळी माझंच.

१२ मार्च
एका वेळी किती कनेक्शनं चालतील, ती मर्यादा एकावर आणली. फक्त माझं कनेक्शन. दवाखाने बोंबलू देत. यादीत एकच नाव, पार्थ. आणि स्क्रीनवर अक्षरं उमटत होती — माझे हात मांडीवर —
पाच मिनिटांत मर्यादा उठली, दवाखान्यांचं सगळं पूर्ववत. सर मागे उभे होते. म्हणाले, पार्थ, तू तर वरदला मागे टाकलंस.
मी हात कीबोर्डवर ठेवले. गोड वाटलं.

१३ मार्च
सर म्हणाले, तीन महिने कशाला, आजपासून कायम. सगळे नावानं हाक मारतात. मी मात्र काहीच करत नाही — बोटं गार —
खाडीवर उन्हाचा तुकडा हलतो आहे, पाण्याखालून कुणी आरसा धरल्यासारखा.
वरची ओळ मी लिहिलेली नाही. माझ्यापेक्षा चांगली —