विहिरीतली सात अंडी

८ एप्रिल १९७३, रविवार
आजचा दिवस सोलापूरच्या इतिहासात नोंदला जाणार. तूर्त इथे नोंदवतो.
मेहुणा चन्नप्पा अक्कलकोट रोडच्या शेतात नवी विहीर खणतोय. जुनी दुष्काळात आटली. सहज बघायला गेलो. वीस फुटांवर, मुरमाच्या भिंतीत, ओळीने सात गोल दगड. नारळाएवढे. खणणारा निंगप्पा त्यातल्या एकावर घण घालणार, एवढ्यात मी वरून ओरडलो. वीस वर्षे भूगोल शिकवतोय. दगड कसले? अंडी आहेत ती. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या महाकाय सरड्यांची!
एक काढून घरी आणले. एस.टी.त मांडीवर. कंडक्टरला 'वैज्ञानिक साहित्य' म्हणालो. त्याने लगेजचे तिकीट फाडले.
रुद्राणी म्हणाली, "दगड हाय की ह्यो." प्रत्येक संशोधकाच्या बायकोने हेच म्हटलेले असणार.

१० एप्रिल
वाचनालयातून पुस्तक आणले. खरा जीवाश्म आणि साधा दगड कसा ओळखावा, याच्या कसोट्या दिल्यात.
कसोटी एक : जीभ लावावी. जुने हाड जिभेला चिकटते. चिकटले! (तोंडात बरीच माती गेली. रुद्राणीने नेमके पाहिले.)
कसोटी दोन : कवच चुन्याचे असते. आम्ल टाकले की फेस यावा. लिंबू पिळले. फेस नाही. म्हणजे चुना केव्हाच झिजून गेला. अंदाजापेक्षाही जुने.
कसोटी तीन : भिंगाखाली बारीक छिद्रे दिसावीत. दिसली नाहीत. शाळेचे भिंग भिकार आहे.
कसोटी चार : आजूबाजूचा खडक कोणता ते आधी पाहावे. हे प्रकरण लांबलचक आहे. सवडीने वाचेन.

१५ एप्रिल, रविवार
विहिरीवर. आतून दगडी बांधकाम करायचे चन्नप्पाच्या मनात आहे. ताबडतोब थांबवले. भिंत बांधून काढली तर अंडी कायमची गाडली जातील.
निंगप्पा अडाणी पण हट्टी. म्हणतो, "मास्तर, ह्या गोट्यांनीच भिंत धरलीया. एकेक काढलासा तर मुरूम सुटंल. खाली माझी मानसं हायती." त्याची बायको चंद्रव्वा खालून पाट्या भरून देते, आणखी दोन बायका आहेत. मी त्याला भूस्तरशास्त्र समजावून सांगितले. ऐकून घेतले आणि खाली जाऊन पुन्हा भिंतीवर हात फिरवत बसला.
चन्नप्पा म्हणाला, "दाजी शिकलेले हायत. म्हणत्यात तर थांबू आठ दिस." शिक्षणाला मान देणारा माणूस.
रात्री पुण्याच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिले. आठ पाने. चित्रांसह.

२२ एप्रिल, रविवार
आज स्वतः दोर धरून उतरलो. दोन अंडी मोकळी केली. एकूण तीन झाली. काढलेल्या जागी खळगे पडतात, त्यातून मुरूम सारखा सुरसुरत राहतो. निंगप्पा काम थांबवून तो आवाज ऐकत उभा राहिला. कामचुकारपणाला निमित्त लागते.
वर काठावर एक भेग दिसली. आगकाडी जाईल एवढी. उन्हाने जमीन तडकतेच.

२६ एप्रिल
सुटी लागली. आता रोज विहीर. आणखी दोन काढली. पाच.
भेग मोजली. करंगळी जाते. शास्त्रीय दृष्टी म्हणून नोंद ठेवतो, काळजी म्हणून नव्हे.
बायका खाली काम करताना गाणी म्हणत असत. आता म्हणत नाहीत. विचारले तर चंद्रव्वा म्हणाली, "गान्यात खडं पडल्याला आवाज येत न्हाय."

२९ एप्रिल, रविवार
पाणी लागले! चन्नप्पाने नारळ फोडला. डोळ्यांत पाणी होते त्याच्या. गावातल्या बायका घागरी घेऊन काठाशी जमल्या. निंगप्पाने त्यांना मागे लोटले, भेगेच्या पलीकडे. किती उद्धट.
मग मलाही म्हणाला, "मास्तर, आता पानी लागलं. मुरूम भिजनार. उद्यापासनं बांधकाम घेऊ द्या."
नेमके कालच पुण्याचे पोस्टकार्ड आले होते. प्राध्यापक भाचीच्या लग्नाला सोलापुरात येताहेत, गुरुवारी तासभर काढतील. चार दिवसांचा तर प्रश्न. चन्नप्पाला बाजूला घेऊन सांगितले, पेपरात तुझ्या शेताचे नाव येईल. तो पाण्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला.

२ मे
सहावे काढले. सातवे सगळ्यात मोठे, ते जागेवरच ठेवलेय. प्राध्यापकांना मूळ स्थितीत दाखवायचे.
भेगेत आता तळहात जातो. काठावरची बाभूळ विहिरीकडे झुकलीय. वारा फार आहे.
निंगप्पाने आज बायकांना खाली उतरू दिले नाही. मजुरी बुडाली तरी चालेल म्हणाला. मी आग्रह धरला नाही. उद्या गर्दी नसलेलीच बरी.
रुद्राणी जेवताना म्हणाली, "तुमी उद्या काठावर जाऊ नका." मी म्हणालो, भाषण तिथेच करायचे आहे.

३ मे, सकाळी ६
कोट इस्त्री केला. भाषणाचे तीन मुद्दे काढले. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

५ मे
विहिरीची बाजू ढासळली. नैसर्गिक आपत्ती. यात कुणाचाही दोष म्हणता येणार नाही.

६ मे, रविवार
कालची नोंद अपुरी आहे.
प्राध्यापक साडेदहाला आले. काठावर सहा अंडी मांडून ठेवली होती. त्यांनी एक उचलले, खिशातला हातोडा काढला आणि एका घावात फोडले. आत कांद्यासारखे पापुद्रे आणि मधे काळा दगड. म्हणाले, "मास्तर, हा सगळा प्रदेश लाव्हाचा. लाव्हात अंडी कोण घालणार? असा दगड हवेपाण्याने सोलत सोलत गोल होतो. आजूबाजूचा खडक बघायचा असतो पहिल्यांदा."
लग्नाचा मुहूर्त होता. ते घड्याळ बघू लागले.
मी म्हणालो, खाली एक आहे, ते वेगळे आहे, ते बघाच. निंगप्पा शेजारी उभा होता. त्याला म्हणालो, उतर आणि काढ. तो म्हणाला, "नगं, मास्तर." मी पुन्हा म्हणालो. परक्या माणसासमोर आवाज चढवला. चन्नप्पा झुकलेल्या बाभळीकडे बघू लागला. निंगप्पाने पटक्याचे टोक खोचले आणि दोर धरला.
पहारीचा एकच ठोका ऐकू आला. मग बाभूळ गेली.
त्याला बाहेर काढायला तीन तास लागले. पाणी बुजले. चन्नप्पा हाताने मुरूम उपसत होता. मी खोरे मागितले, कुणी दिले नाही.

१० मे
सिव्हिल हॉस्पिटल. निंगप्पाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.
जाताना वाक्ये जुळवत होतो. भूगर्भातील हालचाली, भिजलेला मुरूम, वगैरे. मोसंबी नेली होती. चंद्रव्वा उठली, स्टूल पदराने पुसून मला बसवले. रडली नाही. मग हळूच म्हणाली, "मास्तर, येवढंच सांगा. ती अंडी खरी हुती न्हवं?"
निंगप्पा जागा होता.
मी म्हणालो, "हो. खरी होती."
तिने मान हलवली. शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगू लागली, लाखो वर्षांची अंडी, पुण्याचा सायेब बघाया आलता, आमच्या मालकांनी काढली.
निंगप्पा त्या दिवशी काठावर माझ्या शेजारीच उभा होता. दगड फुटला तेव्हा त्याने आतले सगळे पाहिले होते. आता तो माझ्याकडे बघत होता. मला वाटले, सांगेल. त्याने बायकोकडे पाहिले, आणि डोळे मिटून घेतले.
मोसंबी कॉटखाली ठेवून मी निघालो.