धुरी दिलेलं दुपटं

आबा, एक विचारायचं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुत्र्याचं काही अडलं की विचारायला मला दुसरं माणूस सापडत नाही. कारेगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा यूपीचा भाडेकरू कंपनी सोडून गावी गेला आणि त्याचा कुत्रा माझ्या गळ्यात पडला. वय झालेला, जन्म साखळीत गेलेला, हिंदीशिवाय काही कळत नाही. माणूस दिसलं की गुरगुरतो, मांजर दिसली तर विचारूच नका. तसाही खपला असता, पण लेक बाळंतपणाला आलेली. जावई म्हणाले, बाळ घरी यायच्या आत याची सोय करा. सोय म्हणजे हायवेला सोडून या. मला ते जमेना.

तेव्हा खुटबावचा आपला गोठा आठवला. नवं पिल्लू आणलं की तुम्ही शेळ्यांच्या अंगावर गोणपाट घासायचात आणि त्याच्यावर पिल्लाला निजवायचात. मग एके सकाळी त्याला शेळ्यांत सोडायचं. म्हातारी कुत्री त्याच्यावर गुरगुरतेय आणि मी त्याला उचलून पोटाशी धरलंय. तुम्ही पाला टाकता टाकता म्हणता, "ठिव खाली. ती शिकवतीया त्येला. तू मधी पडलास तर दोघंबी बिघडत्याल." मला रडू येतं, पण मी ठेवतो. संध्याकाळी पिल्लू करडाच्या पोटाला टेकून झोपलेलं असतं.

तोच धडा मी गिरवला. दवाखान्यातून बाळाचं दुपटं मागवायचं आणि कुत्र्याच्या पोत्यावर टाकायचं. आधी तो लांब बसायचा, मग त्यावर मान टाकून झोपू लागला. मी खूश. आणि बाळ दारात आलं तसा हा केस ताठ करून असा गुरगुरला की लेक आल्या पावली रिक्षाकडे वळली. "पप्पा, ह्यो ऱ्हाणार असंल तर मी न्हाई ऱ्हायची." कुत्र्याला मागल्या दारी बांधलं तेव्हा कुठं ती घरात आली. काय चुकलं ते कळेना. मग माझ्या बायकोनं सहज सांगितलं, "दवाखान्यातलं दुपटं आसंच कसं घरात घ्यायचं? मी धुऊन, वाळवून, वेखंड-ओव्याची धुरी दिऊन मंगच तुमच्या हातात देत हुते." म्हणजे इतके दिवस कुत्रा ओव्याशी ओळख करून घेत होता. हसावं की रडावं?

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर बाळाला धुरी दिली. मी साखळी धरून दारात उभा. कुत्र्यानं नाक वर केलं, शेपटी हलवली आणि उंबऱ्यावर मान टाकून डोळे मिटले. "वळखलं की त्यानं," लेक म्हणाली. जावईही सोय करा म्हणायचे थांबलेत. पण आबा, मला भीती वाटते. त्यानं बाळ ओळखलं की धूर? उद्या बाळ रांगायला लागेल, धुरी बंद होईल, तेव्हा हा काय करील? तुमची पिल्लं शेळ्यांची झाली होती की गोणपाटाची? तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. साखळी काही माझ्या हातून सुटत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? ट्रंकेत तुमच्या घोंगड्याखाली ठेवतो. ते घोंगडं मी अजून कुणाला धुऊ दिलेलं नाही. नाक लावलं की तुम्ही शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. तुम्ही की घोंगडं, ते मलाही सांगता येत नाही.