बंदरावर घ्यायचे नाव

॥ श्री ॥

मोंबासा, ता. ७ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप दादांचे चरणी बाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी येथे खुशाल आहे. तिकडची खुशाली कळत राहावी, म्हणजे जीव थाऱ्यावर राहतो.

आनंदाची गोष्ट प्रथम लिहितो. मंडळीला येथे आणण्याचा परवाना मिळाला. तीन वर्षांत दोन अर्ज परत आले, तिसरा मंजूर झाला. मुदत ३१ जानेवारीपर्यंतच आहे. शिवऱ्याचे गेनबा रजा संपवून जानेवारीच्या बोटीने कामावर परत येणार आहेत, त्यांच्या सोबतीने पाठवावे.

पुढील मजकूर मंडळीला दोन वेळा वाचून दाखवावा. देवीची लस टोचून घ्यावी व दाखला मेणकापडात गुंडाळून ठेवावा. बोटीवर डेकवरच राहायचे व निजायचे असते. तांब्याला दोरी बांधावी, नाहीतर तो समुद्रात जातो. पहिले तीन दिवस पोटात काही ठरत नाही, तेव्हा लिंबू व कोरडी भाकरी जवळ असावी. नाचणी येथे मिळते, तिला विंबी म्हणतात, म्हणून पिठाचे ओझे आणू नये. पाण्याला माजी व मिठाला चुंवी म्हणावे. येथे मोठा पाऊस चैत्रात लागतो, त्याने घाबरू नये. डास फार आहेत. मच्छरदाणी मी शिवून ठेवली आहे, चारी बाजू दोनदा मोजून.

आता मुख्य गोष्ट. बंदरावर बायकांची रांग वेगळी असते. दुसऱ्याच्या परवान्यावर भलतीच बाई आणल्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून गोरा अंमलदार प्रत्येकीला नवऱ्याचे नाव विचारतो. तिने ते सांगितले की मग नवऱ्याला कुंपणाबाहेरून आत बोलावतात. मागच्या बोटीला एक काठेवाडी बाई पदर तोंडावर घेऊन गप्प उभी राहिली. तिला त्याच बोटीने परत पाठवले. तिचा नवरा माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. दादा, तो अजून ताटावर बसतो आणि तसाच उठतो.

मंडळीने माझे नाव कधी घेतलेले नाही. उखाण्याने तेथे चालणार नाही, रांग मोठी असते व दुभाष्याला वेळ नसतो. तरी वहिनींनी आजपासून तालीम घ्यावी.

थोरांची सावली आहे तशीच माथ्यावर असू द्यावी.

आपला धाकटा भाऊ,
बाजी चिमाजी रेणुसे

॥ श्री ॥

मार्गासनी, ता. ४ ऑक्टोबर १९३६

चि. बाजीस म्हादूचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. भात निसवला आहे, म्हशीला रेडकू झालं. भागू खुशाल आहे. परवान्याचं ऐकून चुलीपाशी गेली ती तव्यावरची भाकरी करपली तरी बाहेर आली न्हाई.

तुझ्या सूचना दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना ती आतून म्हणाली की एवढं तर नव्या नवरीला सासूसुद्धा सांगत न्हाई. तांब्याची दोरी पटली. पीठ मात्र आणणारच म्हणते. तिथली विंबी कुणी दळली, कशी दळली, कुणाला ठाव.

तालमीचं काम लई अवघड. पहिल्या दिवशी मीच ओटीवर बसून विचारलं की बाई, नवऱ्याचं नाव काय. माझी अक्कल बघ. थोरल्या दिरासमोर ती काय बोलणार? पदर ओढून आत गेली. तुझी वहिनी सारजा मला म्हणाली की साहेब व्हायची हौस आली असेल तर आधी दाढी करून या. मग तिनं भागूला गोठ्यात नेलं आणि म्हशीला सांगून बघ म्हणाली. पहिल्या अक्षरापर्यंत येते, पुढं हसू फुटतं न्हाईतर रडू.

त्यात धोंडाबाई आत्या गोठ्याच्या दाराशी उभी राहते आणि नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणून बजावते. भागूनं सारजाकरवी तुला विचारलं आहे की परत आले तर लोक हसतील ते मी सोसेन, पण माझ्या तोंडानं त्यांना काही झालं तर ते कोण सोसणार. याला मी काय उत्तर देऊ, तूच लिही.

जिवाला जप. लांब गेलास म्हणून माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
म्हादूदादा

॥ श्री ॥

मोंबासा, ता. २ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप दादांचे सेवेशी बाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पावले. चार वेळा वाचले.

आत्याबाईंचा मान राखून लिहितो. माझे नाव येथे दिवसातून शंभर वेळा घेतले जाते. मुकादम घेतो, गाडीवाले घेतात, गोदामाचा पहारेकरी घेतो, आणि कोणी देवाजवळ घ्यावे तसे घेत नाही. तीन वर्षांत मला एकदा ताप आला, तोही डासामुळे. आयुष्य घटायचेच असते तर ते एकट्या मुकादमानेच संपवले असते. हे मंडळीला सांगावे.

माझे खरे भय वेगळेच आहे. कुंपणापलीकडून बोटीची शिडी दिसते. तिच्यावरून ती परत चढताना मला पाहावे लागले, तर माझे काय उरेल ते मला लिहिता येत नाही. शिक्षण कमी पडते.

मायेत अंतर नसावे.

आपला
बाजी

॥ श्री ॥

मुंबई, ता. १० जानेवारी १९३७

चि. बाजीस अनेक आशीर्वाद. काल बोट सुटली. लस, दाखला, लिंबं, दोरी, सारं तुझ्या यादीप्रमाणं. पीठ पाच शेर, ते तिच्या यादीप्रमाणं.

खोटं कशाला लिहू, नाव तिच्या तोंडून अजून निघालेलं न्हाई. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मुकादमाचं ऐकून हसली, शिडीचं तेवढं सारजाकरवी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून तालमीला आपणहून बसू लागली, पण जीभ रेटत न्हाई. बंदरावर गेनबा पुरुषांच्या रांगेत, तिथं त्यांचा काय उपयोग. तिच्याशेजारी आणखी तीन बायका दिसल्या. बोट हलायच्या आधीच भागू एकीला तांब्याला दोरी बांध म्हणून दटावत होती.

हे पत्र मागून येणाऱ्या बोटीनं येईल. तुला मिळेल तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. काहीही झालं तरी घर तुझंच आहे.

तुझा
म्हादूदादा

॥ श्री ॥

मोंबासा, ता. २५ जानेवारी १९३७

तीर्थरूप दादा व वहिनी यांचे चरणी बाजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मंडळी पोचली. या क्षणी चुलीवर भाकरी आहे व मी शुद्धीवर आहे. आता क्रमाने लिहितो.

डेकवर हिच्याशेजारी तीन बायका होत्या, दोघी काठेवाडी व एक रत्नागिरीकडची ठकुबाई. चौघींनाही नवऱ्याचे नाव घेता येत नव्हते. तेव्हा मंडळीने तोड काढली. आपल्याचे नाव घ्यायला लाज, परक्याचे घ्यायला कसली? तिघींच्या नवऱ्यांची नावे तिने सांगायची आणि तिच्या नवऱ्याचे ठकुबाईने. काठेवाडी बायकांनी आपल्या नवऱ्यांची नावे तिला कशी कळवली म्हणाल, तर परवान्यावरून गेनबांनी वाचली व हिने दहा दिवस घोकली.

मी कुंपणाला नाक लावून उभा होतो. पहिलीला विचारले, ती गप्प. मागून मंडळी म्हणाली की हिचा वालजी. दुसरीच्या वेळी म्हणाली की हिचा देवशी. तिसरीला, ठकुबाईचा सावळाराम. अंमलदाराने दुभाष्याला विचारले की ही बाई कोण, वकील आहे काय. दुभाष्याने चालरीत समजावली. कागदाशी नावे जुळत होती, म्हणून त्याने शिक्के मारले.

पण सर्वांची सोय पाहता पाहता ही शेवटी राहिली, आणि ठकुबाईला शिपायाने तोवर दाराबाहेर काढले होते. हिच्या नवऱ्याचे नाव सांगायला कोणीच उरले नाही. अंमलदाराने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा त्याने पेन खाली ठेवले. मला ती शिडी दिसू लागली.

तेव्हा तिने तोंडावरचा पदर मागे सारला आणि पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक घालावी तशा आवाजात सांगितले, की बाजी चिमाजी रेणुसे, राहणार मार्गासनी, संस्थान भोर. हमालांनी ओझी खाली ठेवली. गेनबा म्हणतात, बोटीवरही ऐकू आले. मागाहून मी विचारले, तर म्हणाली की तीन परक्यांची नावे घेऊन झाल्यावर आपल्याचेच तेवढे गिळायचे, हे काही बरे दिसले नाही.

मग मला आत बोलावले आणि विचारले, बायकोचे नाव काय. दादा, माझ्यावरही हा प्रसंग येईल हे मी पाच महिन्यांत एकदाही मनात आणले नव्हते. अर्जांवर तीनदा लिहिलेले नाव तोंडातून येईना. मी म्हणालो, घरची मंडळी. दुभाषा म्हणाला, साहेब नाव विचारतात. ती दुभाष्याला म्हणाली की सांगतील सावकाश, त्यांना सवय नाही. तेव्हा मी भागूबाई असे म्हणालो. साहेबाने कानाला हात लावला. दुसऱ्यांदा छपराच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे म्हणालो. शिक्का पडला.

फाटकाबाहेर त्या तिघी आपापल्या माणसांसह आमच्यासाठी थांबल्या होत्या. रांगेत पदराआडून तिने त्या माणसांची तोंडे पाहिलेली नव्हती. भागूबाईने एकेकाकडे पाहून तुम्ही वालजी, तुम्ही देवशी, तुम्ही सावळाराम असे बरोबर ओळखले व रामराम केला. मग माझ्याकडे हात करून त्यांना म्हणाली, की हे आमचे बाजी.

दोघांवर पूर्वीसारखाच जीव असावा.

आपला
बाजी