गाडीच्या तोंडात साखर

॥ श्री ॥
टोकरखाडा, सिल्वासा
४ जानेवारी १९६५

चि. मधुकर यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी आठवण म्हणजे गळकी कळशी. टोपी डोक्यावर असायची आणि घरभर शोधायचास. म्हणून दिवाळीत तू जे बोललास ते शेजारच्या दत्तात्रय गुरुजींच्या अक्षरात कागदावर आणते. मला लिहिता येत नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही.

तू म्हणालास, वासंतीने सव्वीस जानेवारीची जीपची शर्यत जिंकली तर वसईचं स्थळ मोडीन, तिला इथल्या शाळेतली नोकरी करू देईन. हरली तर वैशाखात मुकाट बोहल्यावर उभं राहायचं. तीही हो म्हणाली. तू हसत होतास, कारण लेक गाडी हाकील हे तुला खरंच वाटलं नव्हतं. आणि नवरा कोण? तुझ्या साहेबांचा मेहुणा, बेचाळीस वर्षांचा बिजवर. बढती किती जवळ आली रे?

तर ऐक. जयवंत मिस्त्रीने पोर्तुगीजांनी टाकून दिलेली जीप तिला जुळवून दिली आहे. मैदानात चुन्याने लांबट वर्तुळ आखलंय, कडेला डांबराची रिकामी पिंपं. मातीत दहा फेऱ्या. वळणावर सगळे एकमेकांना ढुशा देतात, त्याला मनाई नाही. काल सरावाला पाच गाड्या होत्या. ठेकेदाराचा ड्रायव्हर दोनदा तिच्या धुळीत बुडाला. मी पिंपामागे शेंगा खात बसले होते. पोरीजवळ राखण म्हणून तू मला ठेवलंस, ती राखण चोख चालू आहे.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर नाही म्हणणार नाही.
तुझी आई

मुंबई
११ जानेवारी १९६५

ती. आईस मधुकरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

शब्द माझ्या ध्यानात आहे. मी बाप आहे, वैरी नाही. पोर जिंकली तर मलाही अभिमानच.

एक विनंती. घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं की तू त्याच्या हातावर साखर ठेवतेस. इकडे शर्यतवाले गाडीच्याही तोंडात साखर घालतात. पेट्रोल ओततात ते तिचं तोंड. मूठभर पुरे. शर्यतीच्या सकाळी देवाचं नाव घेऊन घाल. वासंतीला, मिस्त्रीला सांगू नकोस. शकुन बोलून दाखवला की फळत नाही. रेशनवर साखर मिळत नसेल, म्हणून येणाऱ्या माणसाबरोबर पाव किलो पाठवतो आहे.

सौ. प्रमिलेचा नमस्कार. लेकराकडे लक्ष असू द्यावे.
तुझा मधुकर

टोकरखाडा
२८ जानेवारी १९६५

चि. मधुकर यास आशीर्वाद.



पोर आंघोळीला गेली तेव्हा मी अंगणात जाऊन जीपच्या तोंडात साखर घातली, वर हळदीकुंकू वाहिलं. आठ फेऱ्या वासंती सगळ्यांच्या पुढे होती. मास्तरणी आवी, मास्तरीण आली म्हणून लोक नाचत होते. नवव्या फेरीला जीपला ढास लागली. दोनदा खोकली आणि ऐन वळणावर बसली. मागून ठेकेदाराची गाडी येऊन आदळली. पोरीचं उजवं मनगट मोडलं. तरी ती पायाने स्टार्टर दाबत राहिली, दाबतच राहिली. नाचणारे लोकच मग हसले. बाईच्या हातची गाडी ती, म्हणाले.

आता हात प्लास्टरमध्ये आहे. रडत नाही. माझं कुठे चुकलं, एवढंच विचारते. मी म्हटलं, दृष्ट लागली.

मधू, माझ्या हातून काही कमीजास्त झालं का रे? तू मूठभर म्हणालास. मी दोन मुठी घातल्या. नात आहे ना.

तुझी आई

मुंबई
२ फेब्रुवारी १९६५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

दैवापुढे इलाज नाही. वसईकरांना हाताचं कळवलं. मोठ्या मनाची माणसं आहेत. मनगट वाकडं राहिलं तरी चालेल म्हणाले, मंगळसूत्र काही मनगटात बांधत नाहीत. मुहूर्त काढायला सांगितला आहे.

जीप मिस्त्रीला उघडू देऊ नकोस, सरळ भंगारात जाऊ दे. माझं मागचं पत्र चुलीत घाल. उरलेली साखर जपून ठेव, लग्नात कामाला येईल.

तुझा मधुकर

टोकरखाडा
८ फेब्रुवारी १९६५

मधुकर,

आशीर्वादाची जागा रिकामी आहे. गुरुजी विसरलेले नाहीत, मीच सोडायला सांगितली.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी जयवंतने टाकी उतरवली. तळाशी साखर, नळीत साखर. पेट्रोलमध्ये ती विरघळत नाही म्हणाला. हे कुणा वैऱ्याचंच काम, असंही म्हणाला. मी पुढे होऊन सांगितलं, बाबा, तो वैरी मी. वासंती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, म्हातारी बापाला फितूर झाली. मग मी तुझं ते साखरेचं पत्र आणून तिच्या हातात दिलं. चुलीत कसं घालीन? ज्यांना वाचता येत नाही ती माणसं कागद फार जपतात. ते मला वाचून दाखवलं होतं गुरुजींनीच. ते सायकलवाले, त्यांना टाकीची काय अक्कल. पण तेव्हापासून ते जेवत नाहीत. हे लिहितानाही थांबले होते. मी म्हटलं, चालू द्या.

मी तिला म्हटलं, आता अट मोडली, तू सुटलीस. ती म्हणाली, खोटं खेळून सुटायचं ते बाबांनी. शब्द मी दिला होता, बोहल्यावर उभी राहीन. त्यानंतर या घराचं आणि मुंबईच्या घराचं तोंड पाहणार नाही. या घरात मी असते, मधू. पाया पडले तिच्या. पाय मागे घेतले तिने.

माझ्या हातचा चहा घेते. साखर मात्र घालू देत नाही.

तेव्हा मुहूर्त काढ. शर्यत तू जिंकलास, आणि जिंकणाऱ्याने पेढे वाटायचे असतात. लोभाचं काय करायचं ते तुझं तू बघ. अर्धा शेर पेढे पाठव. बाजारचे नकोत, प्रमिलेला घरी करायला सांग, आणि त्यात साखर तुझ्या हाताने घाल.