पांढऱ्यातलं पांढरं

मुंबई,
६ जानेवारी १९८५

ती. सौ. तानीआक्का हिस,
विशाखाचा सा. जयभीम. वि. वि.

माझ्या बुधवारच्या पत्रात दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या गेल्या, त्या आधी दुरुस्त करते. तुझ्या उजव्या स्तनात कॅल्शियमचे, म्हणजे कॅन्सरची खूण मानले जाणारे कण आहेत असं मी लिहिलं. ते कण स्तनात नसून कातडीवर असावेत, असं आता वाटतं. आणि डावा स्तन निर्दोष आहे असं लिहिलं. खरं तर डावीकडे फोटोत काही दिसलं नाही, एवढंच लिहायला हवं होतं. या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

म्हणून बेळगावला सोळा तारखेचं उजव्या बाजूचं ऑपरेशन थांबव. तारही केली आहे.

आमच्या खात्याचे प्रमुख डॉ. दस्तूर यांच्या रिपोर्टवरूनच तिथल्या सर्जननी तारीख दिली, हे मी जाणते. सर तीस वर्षं एक्स-रे वाचतात आणि मी अजून शिकाऊ. तरी काल सगळे जेवायला गेल्यावर तुझे फोटो पुन्हा उजेडाच्या पेटीवर लावून भिंगातून पाहिले. कण बगलेच्या आणि स्तनाखालच्या घडीत रांगेने बसलेत. रोगाचे कण घड्या बघून बसत नाहीत. इथे येताना तू अंगाला काही लावलं होतंस का? खरं सांग, रागावणार नाही.

डावीकडची गोष्ट जास्त काळजीची आहे. आंघोळ करताना काहीतरी हाताला लागतं असं तू म्हणालीस, आणि मी फोटोकडे बोट दाखवून तुला गप्प केलं. स्तनातली चरबी फोटोत काळी येते, ग्रंथी पांढऱ्या येतात आणि गाठही पांढरीच येते. तुझ्याकडे चरबी थोडी, ग्रंथी दाट, म्हणून सगळा फोटोच पांढरा. ज्वारीच्या पिठात मिठाचा खडा पडला तर तो डोळ्यांना दिसत नाही, चाचपल्यावर बोटांना लागतो. लोक उजवीकडे कापतील आणि रोग डावीकडे राहील, ही भीती मला गप्प बसू देत नाही.

तू परत ये. फोटो पुन्हा काढू आणि डावीकडच्या गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासू. उद्या सरांशी बोलणार आहे. काय बोलायचं ते लिहून काढलं आणि फाडलं, पुन्हा लिहिलं.

दाजींना जयभीम. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस. शिव्या समोर आल्यावर दे.

तुझी,
विशाखा


निपाणी,
११ जानेवारी १९८५

चि. विशाखास आक्काचा आशीर्वाद आणि जयभीम.

सांगणार मी, लिहिणार तुझं दाजी.

तार आली तशी शेजारच्या राजाबाईनं ती फोडायच्या आधीच गळा काढला. सगळी गल्ली गोळा झाली. दाजी बसच्या डेपोतनं येऊन वाचस्तवर कोण मेलं म्हणून मी एकेकाचं त्वांड आठवत बसले. पुन्यांदा तार करू नगंस गं बाई.

पावडर लावली व्हय. अर्धा डबा. एवढी वर्सं बिड्या वळून तंबाकूचा वास अंगात मुरलाय, आंघोळीनं जात न्हाय. पांढऱ्या कोटातल्या बायका म्हणतील, डाक्टरीणबाईची भन वखारीवानी वास मारती. तुझी मान खाली नको म्हणून स्टँडावरनं डबा घेतला. मिरजंच्या म्होरं रेल्वेच्या संडासात लावाय गेले तर गाडीनं असा हिसका दिला, की निम्मा डबा उजव्या बगलंत. त्योच तुझा रोग!

आता साहेबाचं चुकलं म्हणतीस. पर पोरी, तुझं चुकलं तर? रागावू नगंस, अंग माझं हाय. दोन दिस इचार केला. साहेबानं फोटू बघितला, मला काय लागतंय ते न्हाय इचारलं. तू पैल्यांदा न्हाय इचारलंस, पर आता इचारतीस. म्हणून येतोय. सोमवारी निघतोय.

अशीच माया ठेव अन् ठेसनावर ये.

तुझी आक्का

दाजीकडून: बेळगावला जाऊन तारीख रद्द करून आलो. सर्जनसाहेब चिडले. ही शिकाऊ मुलगी कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की हिच्या माहेरात शाळेची पायरी चढलेली पहिली तीच, आणि ती सांगते ते आम्ही ऐकतो. तुझ्या आक्काला अंगाचं हे सगळं सांगताना लाज वाटत नाही, लिहिताना मला वाटते. दोन ओळी मी गाळल्या आहेत. — सत्याप्पा


निपाणी,
१० मार्च १९८५

चि. विशाखास आशीर्वाद. जयभीम.

सुखानं पोचलो. टाकं सुकलं. हात डोक्यावर जातोय, येणी घालता येती.

गल्लीतल्या बायका रोज येऊन बसत्यात आणि मला तीच गोष्ट सांगाय लावत्यात. पावडर न लावता फोटू काढला तर उजवीकडचं समदं गायब. डावीकडं मातर तवाबी फोटूत कायच न्हाय, पर सुईत रोग निघाला. तुझ्या साहेबानं चष्मा दोनदा पुसला म्हणून मी रंगवून सांगते. ते खरं हाय का न्हाय ते तूच सांग, तुला खोटं चालत न्हाय. हरभऱ्याएवढी गाठ, आन् बगलंत पोचली नव्हती, हे ऐकलं की राजाबाई टाळी वाजवती.

डावी गेली. पयल्या दिशी आरशात बघून रडले, खोटं कशाला सांगू. आता पोलक्यात तिकडं कापडाची घडी घालते आणि घडीत सुट्टं पैसं ठेवते. दाजी म्हणत्यात, कंडक्टरची बायको शोभतीस.

माझं फोटू बाकीच्या डाक्टरांना दाखवू का म्हणून तू दवाखान्यात इचारलंस, तवा लाजून नको म्हणाले. आता दाखव. नाव झाकू नगंस. तानीबाई सत्याप्पा कांबळे, निपाणी, असं सांग.

जेवत जा येळंवर. दाजी न् मी, दोघांची माया हाय तुझ्यावर.

तुझी आक्का


मुंबई,
७ एप्रिल १९८५

ती. सौ. आक्का हिस सा. जयभीम. वि. वि.

जिंकलो, आक्का! क्रमाने सांगते, नाहीतर आनंदात मी वाढवून लिहीन. (सरांनी चष्मा एकदाच पुसला होता.)

तुझ्या ऑपरेशननंतर मला सारखं वाटे, एकट्या बहिणीवरून नियम कसा काढायचा? म्हणून ज्यांच्या गाठी ऑपरेशनात कॅन्सरच्या ठरल्या होत्या, अशा बायकांचे जुने फोटो काढले. त्यांत निरोगी बायकांचे मिसळले आणि नावांवर कागद चिकटवले. मग सरांना आणि दोन वरिष्ठांना विनंती केली की त्यांनी ते वेगवेगळे बसून वाचावेत. सरांनी विचारलं, मी त्यांची परीक्षा घेते आहे काय. माझ्या तोंडून हो निघून गेलं.

चरबीच्या, काळसर फोटोंत वीस गाठींपैकी दोन सुटल्या. दाट, पांढऱ्या फोटोंत वीसपैकी आठ. तिघांचंही जवळपास सारखंच, सरांचंसुद्धा. शिवाय दाट फोटोंतच निरोगी बायकांवर उगीच संशयही जास्त घेतला गेला. म्हणजे ही कोणा एकाच्या डोळ्यांची चूक नाही. माझे फोटो थोडेच होते, हेही मी कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं.

गुरुवारी सगळ्या खात्यासमोर हे वाचलं. एक जण म्हणाले की शिकाऊ मुलीने मुद्दाम अवघड फोटो निवडले असतील. तेव्हा सर उभे राहिले. निवड आपण स्वतः पुन्हा तपासली आहे, असं त्यांनी सांगितलं. निपाणीच्या तानीबाईंचा पहिला रिपोर्ट आपल्याच सहीचा होता, तेव्हा चुका मोजायच्या तर आपल्यापासून सुरुवात करा, असंही म्हणाले. मग टाळ्या वाजल्या. मी इतकी खाली बघत होते, की कोणी वाजवल्या आणि कोणी नाही ते सांगता येणार नाही.

आता आमच्याकडून दाट स्तनाचा रिपोर्ट नुसता ‘निर्दोष’ म्हणून जाणार नाही. दोघे जण फोटो स्वतंत्रपणे वाचतील आणि खाली लिहितील, की फोटोत काही दिसत नसलं तरी ग्रंथी दाट असल्याने गाठ नाहीच असं म्हणता येत नाही, आणि हाताला काही लागत असेल तर सुईने तपासावं. हे वाक्य माझं आहे. सरांनी त्यातला फक्त एक शब्द बदलला, आणि तो बदल बरोबर होता.

बेळगावच्या डॉक्टरांनी सरांना व्याख्यानाला बोलावलं होतं. सरांनी माझं नाव कळवलं. मी नाही म्हणायला गेले आणि हो म्हणून आले. मोठ्या सभेत मी कधी बोललेले नाही. पण तुझे दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी लावणार, तुझं पूर्ण नाव घेणार, आणि काय दिसलं, काय दिसलं नाही, ते सांगणार. तू आणि दाजी पहिल्या रांगेत बसा. मला ओळखीचं तोंड समोर लागेल.

आजवर पुरली ती माया पुढेही पुरू दे.

तुझी,
विशाखा

ता. क. दिवस लिहायचा राहिला: रविवार, २१ एप्रिल, सकाळी दहा वाजता.