मानेसरच्या पक्ष्यांचं शेवटचं प्रकरण

९ ऑक्टोबर
विद्यापीठाच्या प्रकाशनातून अनुष्काचा फोन. ती यांच्या पुस्तकाची संपादक. मानेसरचे पक्षी – कारखाने येण्याआधीचे आणि नंतरचे. दहा प्रकरणं तयार, अकरावं बाकी. आणि यांची वाचा जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हाच गेली. मी म्हटलं, राहू दे आता ते पुस्तक. तर म्हणते, "आप लिखिए न, हेमलताजी. आप तो हर बार साथ जाती थीं."
जायचे, पण डबा घेऊन!

११ ऑक्टोबर
यांना विचारलं, लिहू का? यांनी डावा हात उचलून कपाटातल्या वह्या दाखवल्या.

२ नोव्हेंबर
तीस वर्षांच्या वह्या. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून दर रविवारी पहाटे निघायचो – आधी बस, मग शेअर ऑटो. एका पानावर पक्ष्यांच्या यादीखाली लिहिलंय, ‘हेमाच्या चपलेचा अंगठा तुटला. घरी येईपर्यंत बोलली नाही.’
हे काय टिपून ठेवायचं असतं? एकटीच हसत बसले.

१७ नोव्हेंबर
मी मराठीत सांगते, नात कृतिका हिंदीत टाइप करते. "आजी, पाणथळ म्हणजे?" समजावण्यात अर्धा तास गेला. तिला दाखवायला नेणार कुठे? तिथे आता गाड्यांचे पार्ट बनतात.

२४ जानेवारी
प्रकरण गेलं. चपलेची गोष्ट काढून टाक म्हटलं, तर अनुष्का म्हणाली, "बिल्कुल नहीं."
यांना सगळं वाचून दाखवलं होतं. डोळे मिटून ऐकत होते. आवडलं की नाही, कळायला मार्ग नाही. तेवढंच सलतं.

२० एप्रिल
पुस्तक आलं. अनुष्का स्वतः इथे गाझियाबादला, घरी घेऊन आली. यांनी आधी वास घेतला. जेवतानाही मांडीवरून काढेनात.

२१ एप्रिल
सकाळी यांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होते. "सूखे मैदान में टिटहरी" – तिथे यांनी माझं मनगट धरलं. ओठ वाकडे झाले, मान हलली. आणि दहा महिन्यांनी पहिला शब्द – "माळटिटवी."
खरंच की. कोरड्या माळावरची ती वेगळी, मी नुसतीच टिटवी सांगितली. माझी चूक, आणि आता छापलीही गेली.
नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय? परत सांगा."