तिसऱ्या रांगेतली जागा

मोशी,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
समाधानचा सा. न. वि. वि.

दिवाळीला भेटून गेलास आणि लगेच पत्र कसं, म्हणशील. तुला फोनवर ऐकू येत असतं तर ओरडूनच सांगितलं असतं. आपण गाडी घेतोय. चारचाकी! दिव्याला चौथा महिना लागलाय. सईला मांडीवर घेऊन तिनं एसटीनं औशापर्यंत धक्के खायचे दिवस आता संपले.

अडलंय एवढंच, की पाच सीटची मधली घ्यायची की सात सीटची मोठी. दिव्या म्हणते, आपल्या पार्किंगमध्ये मावेल ती घ्या. मी म्हणतो मोठीच. चाकणला माझं काम तुला माहीत आहे. लाइनवर गाडी पुढं आली की तिसऱ्या रांगेची सीट आत ठेवायची, बोल्ट आवळायचे, की आली पुढची. सहा वर्षं झाली. हात आपले आपण चालतात, मग मन भटकतं. गंमत सांगू? प्रत्येक गाडीत त्या सीटवर मी तुला बसवतो. बाहेर घाट असतो, खाली ढग तरंगत असतात, आणि तू काचेला कपाळ टेकून बघत असतेस. कधी समुद्र असतो. तेवढ्यात पुढची गाडी येते आणि तू परत पहिल्यापासून बसतेस.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तेव्हापासून तू त्या घराच्या बाहेर पडली नाहीस. आता पुरे. बाळ आलं की आबांना घेऊन कायमची इकडं ये. मी, दिव्या, सई, बाळ, आबा, तू. सहा झालो. पाचात कसं भागेल, तूच सांग.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढावी.
तुझा,
समाधान


पिंपळवाडी, ता. औसा,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. समाधान यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र आबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मग दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाडीचा रंगसुद्धा सांगत फिरले. तो तू अजून ठरवलेला नाहीस, हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझं ऐकशील तर मधलीच घे. मारुतीच्या पाराजवळची बोळ तुझ्या मोठ्या गाडीला पुरायची नाही. दुसरं आबांचं. गेल्या उन्हाळ्यात लग्नाला जाताना त्यांना एका मोठ्या गाडीत बसवलं. पायरी उंच, गुडघा वाकेना. दोघांनी काखेत हात घालून वर घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाले, पोतं चढवावं तसं चढवलं गं मला. त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मोजताना मला धरू नकोस. मी मोशीला राहायला येणार नाही. कारण आत्ता विचारू नकोस. राग तर अजिबात धरू नकोस, लहानपणी राग आला की तू माती खायचास.

बाकी ठीक. हरभरा छान उगवून आलाय. रोपवाटिकेतले यशवंतराव रोज संध्याकाळी आबांशी बुद्धिबळ खेळायला येतात, त्यामुळे आबांचा वेळ बरा जातो. दिव्याला जपा.

लोभ होता, आहे, राहील.
तुझी,
आक्का


मोशी,
४ डिसेंबर २०२५

ती. वन्संना,
दिव्याचा शि. सा. नमस्कार.

ह्यांनी तुम्हाला उत्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र आल्यापासून ते रुसलेत. माती तेवढी खाल्ली नाही अजून.

गेल्या रविवारी आम्ही दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. घरी आल्यावर ह्यांनी सईचा खडू घेतला आणि पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या मापानं आखल्या. एकीच्या आत एक. मग घरातल्या आणि शेजारच्या खुर्च्या आणून मोठ्या गाडीत मांडल्या. मी पुढं, सई मधे, ती तर उशी बाळ म्हणून मांडीवर घेऊन बसली. अगदी मागं खिडकीच्या जागी एक खुर्ची रिकामी. सई तिकडं जाऊ लागली तर हे म्हणाले, ती आत्याची आहे. येणारे-जाणारे हसत होते, पण ह्यांचं लक्षच नव्हतं. हात हवेत धरून वळणं घेत होते. सईनं विचारलं, कुठं आलो, तर म्हणाले, आता समुद्र दिसेल. वन्सं, क्षणभर मलाही खारा वारा आल्यासारखं वाटलं.

म्हणून धीर करून विचारते. माझं काही चुकलं का? मी मधली गाडी म्हणाले ती पार्किंगसाठी. तुमच्यासाठी जागा नसावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तसं तुम्हाला वाटलं असेल तर मला हक्कानं रागवा, पण असं परकं करू नका.

तुमची माया माझ्यावरही ह्यांच्याइतकीच असू द्या.
दिव्या


पिंपळवाडी,
१३ डिसेंबर २०२५

चि. समाधान आणि चि. सौ. दिव्या,
अनेक आशीर्वाद.

दिव्या, तुझं काहीच चुकलं नाही. चुकले मी. लाजेपायी लपवलं आणि तुम्हा दोघांना घोर लावला. आता सरळ लिहिते.

मी यशवंतरावांशी लग्न करणार आहे.

एक्कावन्नाव्या वर्षी हे लिहायला तीन कागद फाडले. त्यांच्या पत्नीला जाऊन सात वर्षं झाली, मुलगी सासरी सुखी आहे. समाधान, टायफॉइडनं माझे कान गेले तेव्हापासून सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. तूही. माया असते, पण ओरडताना माणसाचा चेहरा रागावल्यासारखाच होतो रे. यशवंतराव आबांकडे यायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी कोनाड्यातली सईची पाटी घेतली आणि माझ्याशी पाटीवर लिहून बोलले. विचारलं, चहात आलं घातलंय ना, छान झालाय. एवढंच. मी आत जाऊन रडले. पुढं दोन वर्षं आम्ही पाटीवरच बोललो. पुसायचं आणि बोलायचं. श्रावणात एकदा त्यांनी लिहिलं आणि पुसायला पाटी माझ्याकडं दिली. मी पुसलं नाही.

आबांना मीच सांगितलं. त्यांनी मांडलेला पट बाजूला सारला. मग यशवंतरावांना म्हणाले, मला हे घर सोडवत नाही, तर तुम्हीच इकडं राहायला या. तेव्हा आबांची काळजी करू नकोस. जानेवारीत अंगणातच दोन हार घालायचे ठरलंय.

तू माझ्यासाठी सहा वर्षं जागा धरलीस. ती मला नको असं म्हणवत नव्हतं, म्हणून कारण लपवलं. रागावला असशील तर रागाचंही पत्र लिही, पण लिही.

पाठ फिरवू नये, एवढंच मागणं.
आक्का


मोशी,
२५ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

रागाचंच पत्र लिहिणार होतो. तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. त्या दिवशी लाइनवर सीट ठेवली की ती रिकामीच दिसायची. राग लग्नाचा नव्हता. मी तुला इतकी वर्षं कुठं कुठं फिरवलं आणि तू तिथं नव्हतीसच, याचा होता.

दोन दिवसांनी दिव्यानं विचारलं, की वन्संना कुठं बसवायचं हे तुम्ही सहा वर्षं ठरवत होता, त्यांना कुठं बसायचंय हे एकदा तरी विचारलंत का. पहाटे इंद्रायणीच्या कडेनं चालत गेलो. धुकं इतकं होतं, की पलीकडचा काठ नव्हताच. तुझं अख्खं एक आयुष्य असंच माझ्यापासून दोन वर्षं धुक्यात होतं आणि ते सुंदर होतं. मग राग उरला नाही.

काल शोरूममध्ये जाऊन आबांसारखा गुडघा ताठ धरून दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं. मोठीत चढावं लागतं. मधलीत आधी टेकता येतं, मग पाय आत घेता येतात. मधली सांगून आलो. यशवंतरावांना माझा नमस्कार सांग. पाटीवर लिहून.

धाकट्यावरची माया वाटून कमी होऊ देऊ नये.
तुझाच,
समाधान


पिंपळवाडी,
२८ जानेवारी २०२६

चि. समाधान यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. सगळे म्हणतात, गाडी घरापर्यंत आली आणि आबा कुणाचा हात न धरता बसले. मला मात्र दुसरंच सांगायचंय. तू गाडी चालवत होतास, तुला समजलं नसेल.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुळजापूरला निघालो तेव्हा तू मला पुढं बसायला सांगितलंस. मागं आबा, हे आणि मधे सई. दिव्या दमली म्हणून घरीच राहिली. येताना उन्हं कलली होती, दोन्हीकडं पिवळी ज्वारी होती, आणि मला झोप लागली. प्रवासात मी कधी झोपलेले नाही रे. एसटीत असो की टेम्पोत, मांडीवर कुणाचं तरी मूल, नाहीतर डबा, नाहीतर पिशवी. आपण झोपलो तर सांडेल, हरवेल, पडेल.

जाग आली तेव्हा गाडी चिंचेखाली उभी होती. तुम्ही सगळे बाहेर चहा घेत होता. कुणी मला उठवलं नव्हतं. मांडीवर बघितलं, तर माझे दोन हात. रिकामे.

मी तुम्हाला हाक मारणार होते. नाही मारली. परत डोळे मिटून घेतले.

माया अशीच निवांत असू द्यावी.
तुझी,
आक्का